गावी जाताना मांजर घरीच बरं

श्रोतेहो, गणपतीला गावी निघताना मांजराचं काय करायचं? माझं मत सरळ आहे. मांजर घरीच राहू द्या… माणूस त्याच्याकडे येऊ द्या. कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर जागेला. नेहमीचा कोपरा, ओळखीचे वास सुटले, की अनेक मांजरं खाणं सोडतात. दोन-तीन दिवसांचा उपास त्यांच्या यकृताला बाधू शकतो. लठ्ठ मांजराला तर जास्तच.

कुणी म्हणेल, मोठा वाडगा भरून ठेवू, झालं! नाही होत. वाडगा काही मांजर आजारी पडल्याचं कळवत नाही. बोक्याची लघवी तुंबली, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. म्हणून मांजर घरीच… पण माणूस रोज. त्यानं लिटर ट्रेही पाहावा. ओले गोळे दिसले नाहीत, तर तडक डॉक्टर गाठावा. शेजाऱ्यांना सांगायला संकोच वाटतो? मग पैसे देऊन माणूस ठेवा. मात्र निघण्याआधी त्याला घरी बोलवा, मांजराशी ओळख होऊ द्या. रोज औषध लागणारं मांजर तेवढं दवाखान्याच्या देखरेखीखाली ठेवलेलं बरं. आणि हो, खिडकीची जाळी घट्ट आहे ना?