आवाज ऐका, पण अंगाचेही ऐका

खुरपणी घ्या, भाताची लावणी घ्या, कापसाची वेचणी घ्या, नाही तर गोठ्यात धारा काढणे घ्या. या सगळ्या कामांत माणूस तासन् तास वाकलेला तरी असतो, नाही तर उकिडवा बसलेला. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याला चार दिवस जुंपत नाही. स्वतःची कंबर धरली तर मात्र बाम चोळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ्यात उतरतो. म्हणून आज पिकाऐवजी पीक काढणाऱ्याच्या अंगाविषयी थोडे बोलू या.

२०१५ सालापासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेच्या पटांगणावर गुरुजी सांगतात आणि सगळे मिळून आसने करतात. पण २२ जूनचे काय? रोज शिकवायला माणूस मिळत नाही. मग पुष्कळ जण मोबाइलवर सूचना लावून घरी आसने करतात. ही गोष्ट चांगलीच आहे. तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याचा माणूस आसनांत कशाला शिरतो? खरे आहे, मी योगशिक्षक नाही. पण आवाजातून मिळालेला सल्ला प्रत्यक्षात कसा उतरवावा, हा आमचा रोजचाच विषय आहे. तेवढ्यापुरतेच आज सांगणार आहे.

आवाजाचा फायदा काय?

आवाजाच्या तालावर काम करणे आपल्याला नवे नाही. मोट हाकणारा गात असे. जात्यावर बसलेल्या बाया ओव्या म्हणत. त्यामुळे हाताला लय मिळे आणि कामाचा शीण कमी वाटे. सूर्यनमस्कार घालताना प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एकेक नाव घेतात, तेही त्यातलेच. बारा नावे संपली की बारा नमस्कार झाले. निराळे मोजायला नको.

घरी आसने करतानाही तसेच आहे. पुढचे आसन कोणते, किती वेळ थांबायचे, हे आठवत बसावे लागत नाही. घाईही होत नाही. मात्र करताना चित्रफितीपेक्षा नुसता आवाज बरा. पालथे पडून भुजंगासन करायचे आणि मान वळवून पडद्याकडे पाहायचे, यात मानेला उगीच हिसका बसतो. चित्रफीत असेल तर ती आधी बसून नीट पाहावी. करताना फक्त कानाचे काम.

आवाजाला डोळे नसतात

आता उणीव सांगतो. मागे एका शेतीशाळेत बायांची बैठक होती. एका आजींनी विचारले, “साहेब, त्यो मोबाइलातला माणूस श्वास धरा म्हणतो, अन् सोडा म्हणायलाच इसरतो. माझा तर जीव घाबरा होतो. मग मी काय करू?” बाकीच्या हसल्या. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या आजींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. मी म्हटले, “आजी, तो सोडा म्हणायची वाट बघू नका. तुम्हाला वाटेल तेव्हा श्वास सोडा. आणि रक्तदाब आहे तोवर श्वास कोंडून धरायचाच नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.”

सगळे मर्म इथेच आहे. आवाज वेळ सांगतो, क्रम सांगतो. पण तुमचा गुडघा दुखतो की नाही, पाठ वाकडी झाली की काय, हे त्याला दिसत नाही. ते तुम्हीच ओळखायचे, किंवा जवळच्या माणसाने बघून सांगायचे.

या बाबतीत नभोवाणीचा एक जुना अनुभव उपयोगी पडेल. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे काढली होती. त्यांच्यासाठी २० कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि जमेल ते करून बघत. पुढे पाहणी झाली तेव्हा दिसले की, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडली होती. म्हणजे आवाज तोच, पण सोबत माणसे असली की तो अधिक कामाला येतो. तेव्हा आसनेही शक्यतो दोघांनी मिळून करावीत. नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक, कोणीही चालेल. एकाने करावे, दुसऱ्याने बघावे. मग अदलाबदल करावी.

सूचना कशा निवडाव्यात?

फवारणीपूर्वी आपण औषधाच्या डब्यावरचे लेबल वाचतो. त्याचप्रमाणे सूचना आधी एकदा बसून संपूर्ण ऐकाव्यात. त्यात पुढील गोष्टी आहेत का, ते पाहावे.

१. आसनात कसे जावे याबरोबरच बाहेर कसे यावे, हेही सांगितले आहे का?
२. श्वास केव्हा घ्यावा, केव्हा सोडावा, हे स्पष्ट आहे का?
३. डावी आणि उजवी, दोन्ही बाजू सांगितल्या आहेत का?
४. कोणते आसन कोणी करू नये, हे सांगितले आहे का?
५. दोन आसनांच्या मध्ये विसावा आहे का?

यांतले काही नसेल तर त्या सूचना बाजूला ठेवाव्यात. रोज नव्या सूचना शोधत बसू नये. एकच निवडावी आणि निदान तीन आठवडे तीच चालवावी. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात योगवर्ग होत असेल तर फारच उत्तम. तेथील शिक्षकांकडून आधी आसने प्रत्यक्ष शिकून घ्यावीत आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच सूचना मोबाइलवर भरून आणाव्यात. ओळखीचा आवाज, ओळखीची भाषा आणि तुमची पाठ बघितलेला माणूस, असे तिन्ही लाभ मिळतात.

वाकून काम करणाऱ्यांसाठी पंधरा मिनिटे

लावणी-खुरपणीच्या दिवसांत कंबर आधीच पुढे वाकून शिणलेली असते. तेव्हा पुन्हा खोल वाकायची आसने नकोत. पुढील क्रम सोपा आहे.

स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष : २ मिनिटे
मान, खांदे व गुडघे सैल करणे : ३ मिनिटे
ताडासन (तोल जात असल्यास भिंतीजवळ) : १ मिनिट
कमरेला हात देऊन थोडे अर्धचक्रासन : १ मिनिट
मकरासनात विसावा : २ मिनिटे
भुजंगासन, सोसेल तेवढेच : १ मिनिट
पवनमुक्तासन, एकेका पायाने : २ मिनिटे
शवासन : ३ मिनिटे

पोट रिकामे असावे. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. बाजेवर किंवा गादीवर करू नये; सपाट जमिनीवर सतरंजी किंवा घोंगडी दुहेरी करून घालावी. फवारणी करून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलल्याखेरीज बसू नये. रेंज नसते तिथे सूचना आधीच उतरवून ठेवाव्यात. मधेच फोन वाजू नये म्हणून विमान-मोड लावावा. मोबाइल चार हात अंतरावर ठेवावा. कानात वायर घालू नये. ती गुंतते आणि घरातली हाकही ऐकू येत नाही.

आवाज पुढे गेला आणि आपण मागे राहिलो, तर धावायचे नाही. मोबाइल थांबवावा, आसन सावकाश सोडावे, दोन श्वास घ्यावेत आणि मग पुढे जावे. तीन आठवड्यांनी आठवड्यातून एक दिवस मोबाइल बंद ठेवून करून बघावे. क्रम पाठ झाला असेल तर आवाजाने आपले काम केले म्हणायचे.

सावधान!

ताण बसणे वेगळे आणि दुखणे वेगळे. कळ आली की तिथेच थांबावे. कंबरेतून पायात कळ उतरत असेल, पायाला बधिरपणा असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया किंवा फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी कपालभाती करू नये. गरोदरपणात, हर्निया असताना किंवा पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले असता भुजंगासनही टाळावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी करावे की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि आसने सुरू केली म्हणून चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

बंधू-भगिनींनो, रेडिओवरचा सल्ला ऐकूनही पेरणी आपण आपल्या जमिनीची ओल बघूनच करतो ना? इथेही तसेच करायचे. आवाजाचे ऐकावे, पण शेवटचा शब्द आपल्या अंगाचा. सुगीची घाई संपण्याची वाट पाहू नका. उद्या सकाळी फक्त सूचना ऐका, परवापासून सुरुवात करा.