दिवसा वीज कोण वापरतं?



आत्ता परिचयात मला ‘गिरणीवाले’ म्हटलं गेलं. म्हणू द्या. (हशा) लोकांनी चालवलेल्या वीजप्रकल्पांबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आज तुमच्या गळी उतरवल्याशिवाय मी खाली बसणार नाही. गावाची वीज दिव्यांवर जगत नाही, पीठगिरणीवर जगते.

पाण्यावर वीज कशी होते ते तुम्ही शाळेत शिकलात, तो भाग सोडतो. थेट नेपाळात जाऊ. तिथे ओढ्यांवर लाकडी पाणचक्क्या पिढ्यान्‌पिढ्या दळण दळत होत्या. काठमांडूजवळच्या बालाजूच्या आणि बुटवलच्या कारखान्यांनी त्यांच्या जागी लोखंडी टर्बाइनं आणली ती आधी दळायला, भात सडायला, तेल गाळायला. वीज मागून आली, त्याच टर्बाइनला जनित्र जोडून. १९८४ मध्ये सरकारनं १०० किलोवॉटपर्यंत परवान्याची अट काढली आणि डोंगरात असे प्रकल्प वाढत गेले.

आता हिशेब बघा. पाणी चोवीस तास वाहतं, दिवे लागतात संध्याकाळी चार-पाच तास. बाकीचा वेळ खप नसेल तर यंत्राचा वेग बेफाम वाढू नये म्हणून नियंत्रक ती वीज पाण्यात बुडवलेल्या हीटरमध्ये जाळून टाकतो. कर्ज गावानं काढायचं आणि दिवसभर तापवायचं काय, तर पाणी! (हशा) एका बल्बाच्या वर्गणीतून ऑपरेटरचा पगार निघत नाही. गिरणीच्या दळणातून निघतो.

मागून कुणीतरी ‘स्वदेस’ म्हणालं. मला वाटलंच होतं. दोनच मिनिटं घेतो. चित्रपट २००४ चा, चित्रीकरण आपल्या वाईजवळच्या मेणवलीत. पण त्यातल्या वीजप्रकल्पामागचं गाव नंदुरबार जिल्ह्यातलं, धडगाव तालुक्यातलं बिलगाव. केरळातून आलेले तरुण अभियंते, परदेशातून परतलेले काही कार्यकर्ते, नर्मदा आंदोलन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिलगावच्या आदिवासींचं श्रमदान. दगड त्यांनी वाहिले, चर त्यांनी खणला. २००३ मध्ये पंधरा किलोवॉटचा प्रकल्प सुरू झाला. शाहरुख खाननं एकट्यानं केला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करू नयेत. (हशा) आणि २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं, प्रकल्प बुडाला. मोठ्या धरणाच्या पाण्यात छोटी वीज गेली. इथे माझा गिरणीचा सिद्धांत लागू पडत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. बुडणाऱ्या गावाला गिरणी वाचवत नाही.

दोन मिनिटांची सात झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत.

सौरऊर्जेच्या मी विरुद्ध नाही. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी असं बघू नये. पण बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातलं धरनाई घ्या. २०१४ मध्ये शंभर किलोवॉटचं सौर सूक्ष्मग्रिड बसलं, गाजावाजा झाला. तेव्हाच गावकरी ‘असली बिजली’ मागत होते, कारण टीव्ही-फ्रिज जोडायला मनाई. शेतीला काही पंप होते, नाही असं नाही. पण सरकारी तार आली, ती स्वस्त पडली, इकडे बॅटऱ्या थकल्या, आणि पुढे त्या आवारात गुरं बांधली गेली. लोकांना दोष कसा देणार? तुम्ही-आम्ही तेच केलं असतं.

तार आली की सगळं संपलंच, असं मात्र नाही. चिठ्ठी आली आहे, तेवढं सांगून थांबतो. नेपाळातल्या बागलुङमध्ये एकाच खोऱ्यातले सहा प्रकल्प, मिळून १०७ किलोवॉट, एका तारेनं जोडले. एका गावाची गिरणी सुरू झाली की दुसऱ्या गावाची शिल्लक वीज तिकडे जाते. आणि नुवाकोटमध्ये श्याउरेभूमीचा तेवीस किलोवॉटचा प्रकल्प २०१८ मध्ये थेट राष्ट्रीय ग्रिडला जोडला गेला. सरकारी तार आली तेव्हा त्यांनी यंत्र भंगारात काढलं नाही, उलट त्याच तारेवरून वीज विकायला लागले. म्हणजे दिवसाचं गिऱ्हाईक मिळालं! गिरणी नसेल, पण गिरणीचं काम...

हो, हो, थांबतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. (टाळ्या)