राजगिऱ्याएवढी दाढ



 या परिषदेला जमलेल्या जीवाश्मांच्या अभ्यासकांना नागपूर परकं नाही. सीताबर्डीची टेकडी लाव्हाची, आणि टाकळीला लाव्हाच्या थरांमधोमध जुन्या तळ्याचा गाळ. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायी वेचल्या. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाचा प्राणी मात्र फार थोड्यांना.

डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी हा तो प्राणी. १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी हैदराबादच्या पश्चिमेला नसकलच्या गाळातून तो उजेडात आणला. क्रिटेशस काळातला, भारतात सापडलेला हा पहिला सस्तन प्राणी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहायचा, थांबायचा, मधल्या उसंतीत तळी साचायची. डायनोसॉर अजून होते, आणि त्यांच्याच काळात हा चिचुंद्रीसारखा जीव किडे खाऊन राहत होता. घोट्याची हाडं सांगतात की तो झाडांवरही चढत असावा.

त्याची दाढ दोन मिलिमीटरही भरत नाही. राजगिऱ्याचा दाणाच म्हणा. पण सूक्ष्मदर्शकाखाली धरा. खालच्या दाढेला पुढे कापायची टोकं, मागे खळगा. वरच्या दाढेचं टोक त्या खळग्यात बरोबर बसतं. खलबत्ताच! आधी कापायचं, मग कुटायचं. आपल्या दाढांची घडण याच जातीची आहे. ती पाहिली की मला दर वेळी भरून येतं.

असे दात कुदळीने सापडत नाहीत. माती वाळवायची, भिजवायची, बारीक चाळणीत धुवायची आणि उरलेला चुरा कण कण करून निवडायचा. आपल्याकडे एवढी चिकाटी फार थोड्या जागी लागली आहे. विदर्भातला कितीतरी गाळ अजून चाळणीतून गेलेलाच नाही, आणि रस्त्यांखाली, इमारतींखाली तो रोज गाडला जातो आहे. या परिषदेत त्यावर बोलणं व्हावं, ही माझी कळकळीची विनंती.

उद्या सकाळी आपण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला जाणार आहोत. तिथली डायनोसॉरची हाडं, दगड झालेली विष्ठा अवश्य पाहा. शेतमालकांची परवानगी घेतली आहे. येताना प्रत्येकाने किलोभर गाळही बरोबर आणावा. चाळण्या आणि पाण्याचे ड्रम आम्ही इथे मागच्या अंगणात मांडून ठेवले आहेत.