दूध कोणाचे, खाते कोणाचे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी एखाद्या वाङ्मयीन विषयावर दोन शब्द ऐकावयास मिळतील, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तथापि आम्ही आज गोठा आणि तळे हे विषय निवडले आहेत. आम्ही पशुवैद्य नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि केंद्र शासनाचे सेवक. परंतु ज्या भुवनेश्वरात आपण नोकरी-व्यवसायानिमित्त येऊन स्थिरावलो, तेथेच शेतीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९९६ पासून कार्य करीत आहे. जवळच कौसल्यागंगा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे. आपल्या दाराशी चाललेल्या या विद्याकार्याची ओळख आपणांस असावी, एवढाच आमचा हेतू.

पशुपालन आणि मत्स्यपालन यांतील कामे, साधने, पैसा आणि निर्णय ही स्त्री व पुरुष यांच्यात कशी वाटली जातात, याचा शोध म्हणजे लिंगभावविषयक संशोधन. यात कोणाची कैफियत मांडावयाची नसते, की कोणास दोषी ठरवावयाचे नसते. जे घडते ते बरोबर मोजावयाचे असते. मोजमाप चुकले की योजना चुकते, हे शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसास निराळे सांगावयास नको.

१९७० साली डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसेरूप यांनी आर्थिक विकासातील स्त्रियांच्या स्थानावर ग्रंथ लिहिला. नवी अवजारे आणि नवे शिक्षण पुरुषांच्या हाती जाते व शेतात राबणारी स्त्री मागे पडते, हे त्यांनी दाखवून दिले. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली. गावोगावी सहकारी दूधसंस्था निघाल्या व देशाचे चित्र पालटले. परंतु धार काढणारी, वैरण घालणारी, शेण काढणारी बाई असली, तरी संस्थेच्या पुस्तकात सभासद म्हणून नाव बहुधा घरधन्याचे लागले. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीने १९७४ साली आणि इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ साली स्त्रियांच्या अशा अदृश्य श्रमांकडे शासनाचे लक्ष वेधले.

हे श्रम अदृश्य कसे होतात, याचे एक उदाहरण देतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या प्रपत्रात ९३ क्रमांकाचा एक संकेत आहे. घरकाम सांभाळून सरपण, भाजीपाला, गुरांची वैरण गोळा करणाऱ्या व्यक्ती त्यात येतात, आणि त्यांची गणना श्रमशक्तीबाहेर होते. डोक्यावर भारा घेऊन येणारी बाई कागदावर काम करीत नाही! २०१९ च्या कालविनियोग पाहणीत मात्र दिवसाचे तासच मोजले गेले. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांसाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देतात, आणि ती करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले.

आता हा हिशेब गोठ्यात नेऊन पाहू. संकरित गाय आली की दूध वाढते. पण वैरण, पाणी आणि स्वच्छताही वाढते. हा वाढीव भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे आधी न विचारल्यास घराचे उत्पन्न वाढते आणि गृहिणीची विश्रांती संपते. जनावर माजावर आले किंवा त्याने चारा सोडला, हे प्रथम ओळखते ती रोज त्याच्याजवळ असणारी बाई; परंतु प्रशिक्षणास बोलावणे जाते पुरुषास, आणि वर्गाची वेळ ठरते नेमकी धारेची. दूध घरापुरते असते तोवर त्यावर बाईची सत्ता चालते. ते बाजारात जाऊ लागले की पैसा पुरुषाच्या हाती जाण्याचा संभव वाढतो. उलट कोंबडी आणि शेळी ही पुष्कळ ठिकाणी बाईच्याच अधिकारात राहतात. आपल्या देशावरच्या घरांतूनही अंड्यांच्या पैशातून मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय करणाऱ्या माउली आपण पाहिल्याच आहेत.

तळ्याकडे वळू. ओडिशा शासनाने २०१८ पासून ग्रामपंचायतींची तळी मत्स्यपालनासाठी स्त्रियांच्या बचतगटांना देण्याचे धोरण स्वीकारले. रोहू-कटल्याबरोबर मोला नावाची लहान मासळी वाढविण्याचा उपक्रमही येथे झाला. मोठी मासळी विकावयाची. मोला तळ्यातच प्रजनन करते, ती थोडी थोडी काढून घरी खावयाची. ही मासळी डोक्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे मुलांना व गरोदर स्त्रियांना अ जीवनसत्त्व मिळते. या लहान माशांच्या पोषणमूल्यावरील कार्यासाठी शकुंतला थिल्स्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार लाभला. बांगलादेशात तर बाईला पाण्यात न उतरता मासळी काढता यावी म्हणून लहान जाळे तयार करण्यात आले. प्रश्न केवळ जाळ्याचा होता. पण तो विचारण्यास कोणीतरी त्या बाईशी बोलावे लागले.

मात्र तळे बाईच्या नावावर झाले म्हणजे सत्ताही तिची झाली, असे समजू नये. म्हणूनच २०१२ साली शेतीतील स्त्रियांच्या सक्षमतेचा एक निर्देशांक तयार झाला. उत्पादनाचे निर्णय, साधनांवरील हक्क, उत्पन्नाचा विनियोग, नेतृत्व आणि वेळ अशी त्याची पाच अंगे आहेत. पुढे पशुपालनासाठीही तसाच निर्देशांक निघाला. सुधारणेचे मार्ग अवघड नाहीत. आंध्रात तिरुपतीस २०१४ साली स्थापन झालेल्या श्रीजा या दूध उत्पादक कंपनीच्या सभासद स्त्रियाच आहेत. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के, तर स्त्रियांना ६० टक्के साहाय्याची तरतूद झाली.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे पोळ्यास बैल सजवून मिरवितात ते पुरुष, आणि वसुबारसेस गाय-वासराची पूजा करतात त्या सुवासिनी. कोळीवाड्यात मासळी आणतो तो कोळी, आणि ती विकून पैशाचा व्यवहार सांभाळते ती कोळीण. कामाची ही वाटणी आपल्या संस्कृतीस ठाऊक आहे. सरकारी कागदास मात्र ती उशिरा उमगली. आपणांपैकी अनेकांचे गावी अजून घर आहे, भावाचा गोठा आहे. दिवाळीस जाल तेव्हा दूधसंस्थेच्या पुस्तकात नाव कोणाचे आणि पैसे जमा होणाऱ्या बँक खात्यावर सही कोणाची, एवढे अवश्य विचारा. वहिनींचे नाव नसेल, तर ते लावून घेण्याविषयी भावाशी बोला. दूर राहणाऱ्या आप्तांचे बोलणे घरात पुष्कळदा मानले जाते.