चैत्रगौर : माहेरवाशिणीचा महिना
(ज्ञातिमंडळाच्या महिला शाखेच्या हळदीकुंकवाप्रसंगी केलेले भाषण)



चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यात बसते व अक्षय्य तृतीयेस तिची बोळवण होते, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. देव्हाऱ्यातील अन्नपूर्णा महिनाभर झुलते. अंगणात सूर्य, चंद्र, शंख, गोपद्मे, तुळस, फणी, करंडा असे चैत्रांगण उमटते. आणि सोयीच्या एखाद्या दिवशी कैरीची डाळ, पन्हे व भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी असा थाट होतो. डाळ पाट्यावर वाटावी की यंत्रात, या वादात आम्ही पडत नाही. कैरी मात्र आंबट हवी!

राजस्थानात होळीच्या दुसऱ्या दिवसापासून गणगौर मांडतात. तिची सांगता चैत्र शुद्ध तृतीयेस, म्हणजे आपली गौर बसते त्याच दिवशी होते. तेथे गौरीशेजारी ईसर, म्हणजे प्रत्यक्ष शंकर, विराजमान असतो. आपल्या झोपाळ्यात मात्र गौर एकटीच असते, कारण ती माहेरी आलेली आहे. हे सारे कौतुक लेकीचे आहे.

मग जिचे पती निवर्तले, त्या लेकीस आपले आमंत्रण का जात नाही? एकाच घरातील सुनेस बोलावणे येते आणि सासूबाई आतल्या खोलीत बसून राहतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पतीबरोबर माहेरही संपते काय?

हळदीकुंकू हे सौभाग्याचे लेणे, असा आक्षेप येईल. तो घेणाऱ्या वडीलधाऱ्या भगिनींच्या श्रद्धेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, त्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका खेड्यास जे साधले, ते आपल्या सुशिक्षित ज्ञातीस जड जावे, हे आम्हांस पटत नाही.

आमची सूचना लहानशी आहे. पुढील वर्षीच्या आमंत्रणपत्रिकेतील ‘सौभाग्यवती’ हा शब्द गाळून ‘घरातील सर्व स्त्रियांस’ असे छापावे. करंडा प्रत्येकीपुढे धरावा. कुंकू लावायचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे. ओटी मात्र सर्वांची भरावी. पत्रिकेचा मसुदा आम्ही चिटणीसांकडे दिला आहे.