गवगवा न करणारा राखणदार

आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या एका आजींच्या बेडक्याची काचपट्टी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. गोलसर पेशी, आणि त्यांच्या पोटात काजळीचे काळे ठिपके. अशा पेशी दिसल्या की नमुना नुसत्या लाळेचा नाही, खोल फुप्फुसातून आला आहे, अशी प्रयोगशाळेत खात्री पटते. या भक्षक पेशींचं जुनं नाव ‘धूळपेशी’. त्या पाहताना मला कृतज्ञता वाटते. किती वर्षांचा धूर त्यांनी निमूट गिळला!

निमूटपणे, हे फार महत्त्वाचं. दिवसाला सुमारे १०,००० लिटर हवा आपण आत घेतो. तिच्याबरोबर आलेले मोठे कण नाकात आणि श्वासनळीच्या चिकट थरात अडकतात. उरलेलं वायुकोशांपर्यंत पोचतं. तिथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. पायात काटा मोडला तर पाय सुजतो, ठणकतो, आपण चार दिवस लंगडतो. फुप्फुसाला लंगडण्याची सोय नाही. त्या पडद्याला सूज आली, वायुकोशात पाणी भरलं, की श्वासच अडतो. म्हणून भक्षक पेशी एरवी कण गिळतात आणि दाह शमवणारी रसायनं सोडतात. जंतू आवरेनासे झाले तरच त्या हाक घालतात. मग रक्तातून न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. लढाई संपल्यावर मेलेले न्यूट्रोफिल उचलायचं कामही भक्षक पेशींचंच, आणि त्या उचलण्यातूनच दाह ओसरायला लागतो.

तो ओसरला नाही तर काय होतं, हे कोविडने दाखवलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे दाह शमवणारं स्टेरॉइड, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसता प्राणवायू लागणाऱ्यांतले एक पंचमांशाने. औषध जुनं आणि स्वस्त! पण ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. हे शेवटचं वाक्य आपल्याकडे नीट ऐकलं गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. २०२१च्या लाटेत कितीतरी जणांनी पहिल्या तापातच, शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून, स्टेरॉइड घेतलं. विषाणू वाढत असताना राखणदाराचेच हात बांधले गेले. मधुमेह्यांची साखर भडकली, आणि म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार डोळ्यांपर्यंत गेलेले रुग्ण आपल्या महाराष्ट्रातल्या वॉर्डांनी पाहिले.

म्हणून स्टेरॉइडला घाबरायचं का? श्रोत्यांत कुणाच्या खिशात दम्याचा पंप असेल, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. दम्यात परागकणासारख्या निरुपद्रवी पाहुण्यावरही श्वासनळी सुजते. रोज घ्यायच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट त्या सुजेवर जातं. बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. आणि पंप ओढून झाला की चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.