इंग्रजीच्या अध्यापकाचे पदव्युत्तर शिक्षण आणि मराठवाड्यातील वर्ग

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकाला ती भाषा कशी शिकवावी हे नेमके कोण शिकविते, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले असता ते दोन ठिकाणी अर्धे-अर्धे सापडते आणि हे दोन अर्धे एकमेकांना क्वचितच भेटतात. इंग्रजीच्या एम.ए.च्या वर्गात चॉसरपासून विसाव्या शतकापर्यंतचे वाङ्मय, समीक्षेचे संप्रदाय आणि अलीकडच्या काळात भारतीय व वसाहतोत्तर साहित्य शिकविले जाते. भाषाध्यापनाचा विचार असलाच तर तो एखाद्या वैकल्पिक अभ्यासपत्रिकेपुरता असतो आणि त्याची परीक्षाही लेखी उत्तरांनीच होते. बी.एड.च्या वर्गात, ज्याला सर्व शिक्षक 'मेथड' या नावाने ओळखतात त्या अध्यापनपद्धतीच्या विषयात, पाठाचे टाचण काढणे, सूक्ष्म अध्यापन, म्हणजे पाच-सात मिनिटांच्या छोट्या पाठात एकाच कौशल्याचा सराव करणे, आणि शाळेतील आंतरवासिता या गोष्टी होतात, परंतु छात्राध्यापकाचे स्वतःचे इंग्रजी किती पक्के आहे, त्याला त्या भाषेची घडण किती उमगली आहे, याकडे पाहण्याचे काम तेथे कोणाकडेच सोपविलेले नसते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि आंतरवासिता वीस आठवड्यांपर्यंत वाढली, ही सुधारणा खरी आहे. तिने अध्यापनाच्या सरावाला अवधी दिला, पण भाषेच्या ज्ञानाची उणीव तिच्या कक्षेबाहेरच राहिली.

वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकाची स्थिती याहून विलक्षण आहे. कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकाला एम.ए.सोबत बी.एड. असावे लागते, पदवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या सहायक प्राध्यापकाला मात्र एम.ए. आणि नेट किंवा सेट, अथवा पीएच.डी., एवढे पुरते. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा १९८९ पासून घेतली जाते आणि तिच्या इंग्रजीच्या आजच्या अभ्यासक्रमातील दहा घटकांपैकी एका घटकात भाषेच्या मूलभूत संकल्पनांबरोबर अध्यापनशास्त्राचा समावेश आहे. पण तो घटक बहुपर्यायी प्रश्नांनी तपासला जातो. म्हणजे कोणत्याही जाणत्या माणसाने मागच्या बाकावर बसून ज्याचा एकही पाठ पाहिलेला नाही, अशी व्यक्ती बी.कॉम. प्रथम वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीच्या, शंभराच्या आसपास विद्यार्थी असलेल्या वर्गासमोर पूर्ण पात्रतेने उभी राहू शकते. हा त्या अध्यापकाचा दोष नाही. त्याला असे शिक्षण मिळण्याची व्यवस्थाच त्याच्या वाटेवर नव्हती.

या ठिकाणी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मातृभाषा नसली तरी बाजारात, कार्यालयात, वर्तमानपत्रात आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यात जी सतत कानी पडते तिला भाषाध्यापनशास्त्रात द्वितीय भाषा म्हणतात. जी केवळ वर्गाच्या चार भिंतींत भेटते आणि घंटा वाजली की संपते तिला परकी भाषा म्हणतात. भारतात इंग्रजी ही द्वितीय भाषा आहे असे अभ्यासक्रमांत गृहीत धरले जाते आणि पुणे-मुंबईच्या काही वस्त्यांपुरते ते खरेही आहे. परंतु किनवट, मुखेड, कंधार किंवा जळकोट तालुक्यातील खेड्यात इंग्रजीची वस्तुस्थिती परक्या भाषेचीच आहे. तेथे शिक्षक बोलेल तेवढेच इंग्रजी विद्यार्थ्याच्या कानावर जिवंत स्वरूपात पडते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर इंग्रजी दिसते खरे, पण ते विद्यार्थ्याशी बोलत नाही आणि त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. म्हणून अशा ठिकाणच्या शिक्षकाचे स्वतःचे बोलणे हीच मुख्य अध्ययनसामग्री ठरते, आणि त्याचे शिक्षण शहरी शिक्षकाच्या शिक्षणापेक्षा अधिक सखोल असले पाहिजे. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा लागलेला आहे.

हा प्रदेश इंग्रजीच्या अध्यापक-शिक्षणापासून नेहमीच दूर होता असे मात्र नाही. १९४८ पर्यंत नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे भाग होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारले, मात्र इंग्रजी हा विषय अनिवार्य ठेवला. त्यामुळे मराठवाड्यातून तेथे जाणाऱ्या तरुणाला घरी मराठी, वर्गात उर्दू आणि विषय म्हणून इंग्रजी अशी तिहेरी कसरत करावी लागे. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, दोन संस्था उभ्या राहिल्या. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था सुरू झाली, जिचे काम इंग्रजीच्या अध्यापकांना भाषा आणि अध्यापन या दोन्ही अंगांनी पदव्युत्तर पातळीवर घडविण्याचे होते. पुढे १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषांची भर पडली आणि २००७ मध्ये ती इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी हे केंद्रीय विद्यापीठ झाली. स्वनविज्ञान, व्याकरण, अध्यापनपद्धती आणि पाठ्यसामग्रीची निर्मिती यांना एकत्र गुंफणारे तिचे प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम देशभरातील अध्यापकांपर्यंत पोहोचले, आणि दूरशिक्षणाद्वारेही ते उपलब्ध झाले. नांदेडहून हैदराबाद हे मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. रेल्वेच्या कारभारात तर नांदेड आजही सिकंदराबादच्या मुख्यालयाशी जोडलेले आहे. तरीही राज्यपुनर्रचनेनंतर येथील शिक्षणव्यवस्थेचे तोंड पश्चिमेकडे वळले ते वळलेच, आणि शेजारी उभ्या राहिलेल्या त्या विद्येची शाखा या मातीत कोणी लावली नाही. ही हुकलेली संधी खेदाने नोंदविण्याजोगी आहे, कारण तिची किंमत दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी मोजली.

आता वर्गाकडे वळणे इष्ट. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात तेलुगू, उदगीर आणि निलंग्याच्या बाजूला कन्नड, नांदेड शहरात उर्दू आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी, बंजारा तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी या भाषा घराघरांत बोलल्या जातात. तांड्यावरील मुलासाठी मराठी हीच शाळेत शिकावी लागणारी दुसरी भाषा असते, हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी. इंग्रजीतील शब्दाचा मराठी अर्थ सांगितला म्हणजे समजुतीचे काम झाले, हे गृहीत त्या मुलापुरते कोसळते, कारण मराठी अर्थही त्याला अर्धाच पोहोचलेला असतो. परंतु याच मुलाजवळ एक असे भांडवल असते की ज्याकडे अध्यापक-शिक्षण पाहतच नाही: वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी त्याने एका भाषेतून दुसरीत जाण्याचा अनुभव घेतलेला असतो. ज्या शिक्षकाला बहुभाषिकतेचा शास्त्रशुद्ध परिचय आहे तो या अनुभवावर पाठ उभा करू शकतो. इतरांना त्या मुलात केवळ अशुद्ध मराठी दिसते.

व्यतिरेकी विश्लेषण, म्हणजे विद्यार्थ्याची भाषा आणि शिकण्याची भाषा यांच्या घडणीची तुलना करून अडचणी कोठे येतील याचा अंदाज बांधणे, हे अशा शिक्षणाचे एक महत्त्वाचे अंग आहे. मराठीत शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात तर इंग्रजीत त्यांचे कार्य करणारे शब्द नामाच्या आधी येतात. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' या उपपदांसारखा अनिवार्य घटक मराठीत नाही. इंग्रजीत 'फोटोग्राफ' या शब्दात आघात पहिल्या अवयवावर तर 'फोटोग्राफी'मध्ये दुसऱ्यावर पडतो आणि त्यानुसार स्वरही बदलतात, अशी आघाताची सरकती व्यवस्था मराठी कानाला अपरिचित असते. हे सामान्य ज्ञान पुस्तकांतून मिळते. प्रादेशिक बोलींचे ज्ञान मात्र पुस्तकांत नाही. नांदेडकडे 'मी जेवायलो' आणि लातूरकडे 'मी जेवलालो' असे जे म्हटले जाते, ते या क्षणी चालू असलेल्या क्रियेसाठी बोलीने घडविलेले वेगळे रूप आहे. प्रमाण मराठीतील 'मी जेवतो' हे वाक्य रोजच्या सवयीसाठीही चालते आणि प्रसंगी चालू क्रियेसाठीही. बोलीतील रूप मात्र हा भेद ठळक करते, आणि इंग्रजीतील साधा वर्तमान व चालू वर्तमान यांतील भेद शिकविण्यास याहून सोयीचा आधार सापडणे अवघड आहे. वर्गातून हाकलून दिलेली बोली येथे व्याकरणाच्या फळ्यावर सन्मानाने लिहिता येते. पण त्यासाठी शिक्षकाला दोन्हीकडची घडण दिसावी लागते, आणि ती दिसणे हे पदव्युत्तर अभ्यासाचे फळ आहे.

एवढे ज्ञान दिले म्हणजे चांगला शिक्षक तयार झाला, असेही समजू नये. भाषाध्यापनतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या आधाराने दक्षिणेतील सामान्य शाळांत जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना रेल्वेचे वेळापत्रक वाचणे, नकाशावरून मार्ग शोधणे अशी विचारास भाग पाडणारी कामे दिली गेली आणि अर्थाकडे लक्ष असताना भाषा नकळत आत्मसात होते या कल्पनेची तपासणी झाली. या प्रयोगाचा बोलबाला जगभर झाला. परंतु १९९० मध्ये प्रभू यांनी लिहिलेल्या एका निबंधात सर्वोत्तम अशी एकच पद्धती नसते हे त्यांनीच मांडले, आणि आपण जे करतो त्यातून मुलांचे शिकणे कसे घडते याविषयीची शिक्षकाची स्वतःची जागती समजूत जिवंत आहे की गोठलेली, यावर अध्यापनाची गुणवत्ता ठरते असे प्रतिपादन केले. अध्यापक-शिक्षणाविषयी भारतीय भूमीतून निघालेला हा सर्वांत मौलिक विचार आहे. ही समजूत भाषणे ऐकून येत नाही. स्वतःचा पाठ कोणीतरी पाहावा, त्यावर चर्चा व्हावी आणि तोच पाठ बदलून पुन्हा घ्यावा, यातूनच ती जागी राहते. केंब्रिजच्या सेल्टा या अल्पमुदतीच्या जागतिक प्रमाणपत्रातसुद्धा सहा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन निरीक्षकासमोर करावे लागते.

याउलट, प्रशिक्षितांनी पुढच्यांना आणि त्यांनी त्यांच्या पुढच्यांना शिकवायचे ही उतरंडीची रीत मद्रास राज्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर योजली गेली होती, आणि प्रत्येक पायरीवर मूळ आशय पातळ होत जातो हा तिच्याविषयीचा मुख्य आक्षेप राहिला. महाराष्ट्रात २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा, स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या डी.एड.धारक शिक्षकांवर ही जबाबदारी आली आणि त्यांच्या मदतीला मुख्यतः अल्प मुदतीची सेवांतर्गत प्रशिक्षणेच होती. त्या शिक्षकांनी गाणी, चित्रे आणि कृती यांच्या बळावर जे काम केले ते आदरास पात्र आहे. पण धोरणाने त्यांच्याकडून मागितले खूप आणि त्यांना दिले फार थोडे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

लातूरच्या बाबतीत प्रश्नाला आणखी एक धार आहे. सतत सराव, वारंवार चाचण्या आणि उत्तरपत्रिकांची कसून तपासणी यांच्या जोरावर 'लातूर पॅटर्न'ने ग्रामीण विद्यार्थ्याला वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाचे दार उघडून दिले, ही सामाजिक न्यायाच्या दृष्टीने मोठी घटना आहे. मात्र वैद्यकीय प्रवेशाच्या पात्रतेसाठी बारावीत इंग्रजी हा विषय उत्तीर्ण होणे एवढेच पुरते, त्याच्या गुणांनी क्रम ठरत नाही. त्यामुळे इंग्रजीचा तास हा विज्ञानाच्या तासांमधील विसाव्याचा तास होऊन बसला. आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीत भौतिकशास्त्राचे पुस्तक इंग्रजीतून उघडतो, तेव्हा त्याला सर्वांत अधिक गरज असते ती नेमकी इंग्रजीच्या शिक्षकाची. व्याख्या कशी वाचावी, कर्मणी प्रयोगाने भरलेले प्रयोगवर्णन कसे उलगडावे, उदाहरणातील अट आणि निष्कर्ष कसे वेगळे करावेत, हे शिकविणाऱ्या शाखेला विशिष्ट प्रयोजनांसाठीचे इंग्रजी म्हणतात. या दोन जिल्ह्यांत तिची निकड मोठी आहे, आणि साहित्याच्या एम.ए.ने तिची तयारी करून दिलेली नसते.

याचा अर्थ साहित्याचे शिक्षण निरुपयोगी आहे असा नव्हे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे अभ्यासक. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि संस्कृती त्यांनी मराठी वाचकांसमोर मांडली, आणि दलित साहित्याच्या विचाराला तिचा उपयोग झाला. इंग्रजी विभागांचे हे कार्य कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. साहित्याला धक्का न लावता त्याच्या शेजारी भाषाध्यापनाची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा उभी करणे, ही खरी मागणी आहे.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आहेत, त्याच्याकडे भाषा संकुल आहे आणि लातूरला उपकेंद्र आहे. ज्या व्यक्तीचे नाव ते धारण करते ती हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेतृत्व करण्यापूर्वी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षकच होती. या विद्यापीठाने एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू करावी, तिच्यातील निम्मे गुण निरीक्षित पाठांना द्यावेत, आणि ते पाठ दोन भिन्न ठिकाणी, म्हणजे एक मालिका तांड्यावरील किंवा सीमेवरील तालुक्यातील शाळेत आणि दुसरी अकरावी विज्ञानाच्या वर्गात जून-जुलैत, घेण्याची अट घालावी. निरीक्षक म्हणून वीस-वीस वर्षे वर्गात इंग्रजी शिकविलेल्या शिक्षकांना बोलवावे. येथे एक अडचण आधीच लक्षात घेणे योग्य होईल: विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये विविध व्यवसायांतील अनुभवी व्यक्तींना औपचारिक पात्रतेविना अध्यापनासाठी बोलावण्याची जी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' योजना आणली, ती अध्यापनाच्या पेशातील सेवेत असलेल्या वा निवृत्त व्यक्तींना खुली नाही. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या जाणत्या शिक्षकाला या पदविकेच्या वर्गात आणायचे असेल, तर विद्यापीठाला आपल्या अधिकारात मानधनावरील मार्गदर्शक-शिक्षकाचे स्वतंत्र पद निर्माण करावे लागेल, आणि त्याची तरतूद अभ्यासक्रमाच्या मंजुरीबरोबरच, नंतर नव्हे, व्हावी लागेल.